करंडकाचं झाकण, करंडकाचा तळ: डायटमचं चित्र काढण्याची तीनशे वर्षं

घरात जुना कुंकवाचा करंडा असेल तर जरा हातात घेऊन बघा. खाली डबी, वर झाकण, झाकणाची कड डबीच्या कडेवर घट्ट बसलेली. आता समजा, हा करंडा पारदर्शक काचेचा आहे. झाकणावर नक्षी आहे, तळावरही आहे, आणि दोन्ही नक्ष्या अगदी सारख्या नाहीत. करंड्याची लांबी केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे. तुम्हाला त्याचं एकच चित्र करायचं आहे, आणि ते चित्र बघून जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला हा करंडा नेमका कोणता ते सांगता आलं पाहिजे.

माझ्या पीएचडीचा बराचसा वेळ या कामात जातो. मराठी परिभाषेत डायटमला 'करंडक वनस्पती' असा शब्द आहे. ज्याने कुणी तो घडवला, त्याने डायटम नीट पाहिला असणार. डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. त्याचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं, आणि ते दोन भागांत असतं. एक भाग किंचित मोठा, दुसरा त्यात बसणारा. अगदी करंड्यासारखं. पृथ्वीवर दरवर्षी तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा हे करंडक तयार करतात. समुद्रात, नदीत, डबक्यात, ओल्या भिंतीवर, सगळीकडे ते असतात. आपल्याला ते दिसत नाहीत, एवढंच.

या लेखात मी तुम्हाला फोकस स्टॅकिंग या तंत्राची गोष्ट सांगणार आहे. तंत्र नवं आहे, पण त्यामागची अडचण तीनशे वर्षं जुनी आहे. ती सोडवण्याची एक जुनी रीत आपल्या कोल्हापुरात फार चांगली वापरली गेली. ती समजून घेतली नाही, तर नवं तंत्र आपल्याला सहज फसवू शकतं.

अलोऱ्यातला दगड

चिपळूण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी अलोरे आहे. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे या गावाचं नाव बाहेरच्यांना माहीत झालं. पावसाळा सरला आणि पऱ्याचं पाणी जरा निवळलं, की पाण्यातला एखादा दगड उचलून बघा. त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर असतो. पाय घसरतो तो त्याच्यामुळेच. हा थर बहुतांशी डायटमचा. जुना टूथब्रश घ्यायचा, दगड घासायचा, ते गढूळ पाणी बाटलीत भरायचं. झालं नमुना गोळा करून!

पुढचं काम प्रयोगशाळेत. नमुना हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये किंवा आम्लात तापवायचा. पेशीतलं सगळं सेंद्रिय जळून जातं आणि काचेची कवचं तेवढी उरतात. ती धुऊन काचपट्टीवर सुकवायची आणि एका खास रेझिनमध्ये बसवायची. साधं पाणी किंवा साधा डिंक का चालत नाही? कारण कवच पारदर्शक आहे. काचेचा तुकडा पाण्यात टाकला की तो दिसेनासा होतो ना, तसंच. डायटमच्या सिलिकाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास असतो, म्हणून त्यापेक्षा बराच वेगळा, सुमारे १.७ अपवर्तनांकाचा रेझिन वापरतात. दोन्हींत जेवढा फरक जास्त, तेवढी नक्षी उठून दिसते.

आता सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. गॉम्फोनेमा नावाचा डायटम समोर आहे असं धरू. गदेसारखा आकार, एक टोक रुंद, एक निमुळतं. मधून एक चीर गेलेली, तिच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा. मध्याजवळ, चिरेच्या एकाच बाजूला, एक सुटा ठिपका. हा ठिपका ओळखीसाठी फार महत्त्वाचा. आता फोकसचं बारीक चाक अगदी थोडं फिरवा. ठिपका विरघळला. त्याच्याऐवजी टोकाशी आतल्या बाजूला असलेला छोटासा पडदा दिसायला लागला. आणखी फिरवा, तोही गेला. परत उलटं फिरवा, ठिपका आला, पण पडदा गेला. दोन्ही एकाच वेळी काही दिसत नाहीत.

यात सूक्ष्मदर्शकाचा दोष नाही, प्रकाशाचा तसा स्वभावच आहे. जर्मनीत येना इथे काम करणाऱ्या अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं, की भिंग कितीही चांगलं घासलं तरी किती बारीक गोष्ट वेगळी दिसेल याला मर्यादा आहे. आजच्या उत्तम शंभरपटी तेल-भिंगाने, ज्याचं न्यूमरिकल ॲपर्चर १.४ असतं, साधारण ०.२ मायक्रॉन अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या दिसतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण बारीक दिसण्याची किंमत मोजावी लागते. भिंग जेवढं बारीक दाखवतं, तेवढा त्याचा स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. या भिंगाचा असा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो. गॉम्फोनेमाचं कवच मात्र काही मायक्रॉन जाड. शिवाय कडेने पाहिलं तर ते पाचरीसारखं असतं, म्हणजे काचपट्टीवर सपाट न बसता कलतं. एक टोक स्पष्ट दिसलं की दुसरं पुसट होतं.

थोडक्यात, एका क्षणी तुम्हाला करंड्याचा एक पातळ काप दिसतो. अख्खा करंडा कधीच दिसत नाही.

मणी की भोकं?

डायटमचं पहिलं छापील चित्र १७०३ सालचं मानतात. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये एका निनावी गृहस्थाने पाणवनस्पतीच्या मुळांना चिकटलेल्या चौकोनी आकृत्यांचं वर्णन केलं होतं. पुढच्या शतकात भिंगं सुधारली आणि डायटमला एक वेगळंच काम मिळालं, ते म्हणजे भिंगांची परीक्षा घेणं. प्लुरोसिग्मा अँग्युलॅटम या डायटमवर दहा मायक्रॉनमध्ये वीसएक रेघा असतात. अँफिप्लुरा पेलुसिडावर त्याच्या जवळजवळ दुप्पट. एखाद्या भिंगातून या रेघा सुट्या दिसल्या की भिंग पास!

पण या परीक्षेतून एक वाद उभा राहिला. प्लुरोसिग्माच्या रेघा चांगल्या भिंगातून ठिपक्यांच्या ओळी म्हणून दिसत. हे ठिपके म्हणजे उंचवटे, काचेचे मणी, की खड्डे, की आरपार भोकं? एकोणिसाव्या शतकात यावर सूक्ष्मदर्शकवाल्यांनी बरीच शाई खर्च केली. मजा अशी की दोन्ही बाजूंच्या लोकांना आपापलं म्हणणं डोळ्यांनी दिसत होतं. फोकस थोडा वर ठेवला तर ठिपके उजळ दिसतात, थोडा खाली घेतला तर तेच ठिपके काळे. ठिपका तोच. उजळ बघणाऱ्याला मणी वाटे, काळा बघणाऱ्याला भोक.

हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अपारदर्शक वस्तूत 'फोकस झालं' म्हणजे पृष्ठभाग सापडला. पारदर्शक वस्तूत तसं नसतं. प्रकाश तिच्यातून वळतवळत येतो आणि एकाच जागी वेगवेगळ्या खोलीवर वेगवेगळी, पण सारखीच ठसठशीत चित्रं तयार होतात. १९३६ साली जर्मनीत क्राउझ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डायटमचे फोटो काढले. त्या आणि त्यानंतरच्या फोटोंमुळे हळूहळू स्पष्ट झालं, की ही भोकंच आहेत, आणि बऱ्याचदा त्यांवर आणखी बारीक जाळीचा पडदा असतो.

कोल्हापुरातला हात

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या डायटमचा पद्धतशीर अभ्यास बघायला गेलं तर एक नाव सतत समोर येतं, ते म्हणजे एच. पी. गांधी. मुंबईच्या शैवालतज्ज्ञ एला गोन्साल्विस यांच्याबरोबर त्यांनी मुंबई आणि साष्टीच्या डायटमवर लिहिलेली लेखमाला १९५२ पासून 'जर्नल ऑफ द इंडियन बोटॅनिकल सोसायटी'त आली. मग कोल्हापूर. १९५८ मध्ये 'जर्नल ऑफ द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'त कोल्हापूर आणि परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवरचा लेख, १९५९ मध्ये 'हायड्रोबायोलॉजिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पन्हाळगडावरच्या डायटमवरचा लेख. पुढे जोग, सागर, अहमदाबाद असं त्यांचं काम विस्तारत गेलं.

पन्हाळ्यावर आपण काय बघतो? तीन दरवाजा, अंबारखाना, सज्जाकोठी. या माणसाने तिथल्या पाण्यातल्या करंडकांची यादी केली आणि प्रत्येकाचं चित्र काढलं. हो, काढलं. हाताने.

कसं, ते सांगते. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर कॅमेरा लुसिडा नावाचं लोलक-आरशाचं उपकरण बसवतात. नावात कॅमेरा असला तरी त्यात फिल्म नाही की काही नाही. विल्यम हाइड वोलॅस्टन यांनी १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं, पुढे ते सूक्ष्मदर्शकासाठी जुळवून घेतलं गेलं. यातून बघताना डायटम आणि टेबलावरचा कागद एकावर एक दिसतात. पेन्सिलीचं टोक थेट डायटमवर फिरतंय असं वाटतं. बाह्यरेषा गिरवायची, रेघा मोजून मारायच्या, मग शाई.

आमच्या विभागातल्या एका कपाटात असं उपकरण पडून होतं. म्हटलं, करून बघू. एका गॉम्फोनेमाला अख्खी दुपार गेली, आणि तेव्हा मला एक गोष्ट कळली जी पुस्तकं वाचून कळली नव्हती. उजव्या हातात पेन्सिल असते, पण डावा हात रिकामा नसतो. तो सारखा फोकसच्या चाकावर असतो. बाह्यरेषा एका फोकसला, रेघा दुसऱ्या, मधला ठिपका तिसऱ्या, टोकाचा पडदा चौथ्या. चाक फिरवायचं, बघायचं, एवढंच कागदावर घ्यायचं, परत चाक फिरवायचं. कागदावर शेवटी जे चित्र उतरतं, ते कुठल्याही एका क्षणी भिंगातून दिसलेलं नसतं.

म्हणजे हेच फोकस स्टॅकिंग! फक्त चळत लावणारं यंत्र म्हणजे माणसाचा डोळा, हात आणि डोकं.

यात डोक्याचा वाटा मोठा आहे. झाकणाच्या आणि तळाच्या रेघा एकमेकींवर आल्या, तर काढणारा ठरवतो की मी फक्त झाकणाच्या घेणार. कवचावर कचरा बसला असेल, तो सोडतो. ठिपका उजळ दिसतो आणि काळाही दिसतो, त्यातलं काय काढायचं हे ठरवतो. चित्रातली प्रत्येक रेघ म्हणजे एक निर्णय. निर्णय चुकूही शकतो. आधी वाचलेल्या पुस्तकातला डायटम डोळ्यांत भरलेला असेल तर हात नकळत तिकडे झुकू शकतो. फ्रिडरिश हुस्टेट यांचा १९३० सालचा जर्मन ग्रंथ त्या काळी जगभर डायटम ओळखण्यासाठी वापरला जाई. त्यातले डायटम प्रामुख्याने मध्य युरोपातले.

१९५८ या सालाचं आणखी एक महत्त्व आहे. वनस्पती आणि शैवालांना नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांनुसार १ जानेवारी १९५८ पासून शैवालाची नवी जाती जाहीर करायची तर वेगळेपण दाखवणारं चित्र सोबत हवंच. चित्र नसेल तर नाव ग्राह्य नाही. शिवाय ज्या नमुन्यावर ते नाव बेतलं आहे, तो 'प्रकार-नमुना' सांगावा लागतो. म्हणजे गांधी कोल्हापूरचा लेख छापत होते त्याच वर्षापासून डायटमचं चित्र ही नावाची कायदेशीर अट झाली. तुमच्या सातबाऱ्यासोबत मोजणीचा नकाशा असतो, तसं. नकाशातली रेघ इकडची तिकडे झाली की बांधावरून भांडण.

फोटो आला, पण एकाच फोकसचा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेखाचित्रं मागे पडली आणि फोटो आले. क्रामर आणि लांगे-बेर्टालोट यांचे १९८६ ते १९९१ या काळात निघालेले चार जर्मन खंड उघडलेत तर पानंच्या पानं सूक्ष्मछायाचित्रांनी भरलेली दिसतील. फायदा उघड आहे. कॅमेऱ्याला पूर्वग्रह नाही. त्याने जे पाहिलं ते पाहिलं.

पण कॅमेऱ्याला डावा हातही नाही. तो एका फोकसला एकच काप टिपतो. रेघा आल्या तर पडदा नाही, पडदा आला तर ठिपका नाही. रेखाचित्रात असलेली, मोलाची माहिती फोटोत गायब झाली. आता तुम्ही १९५८ चं रेखाचित्र आणि आजचा फोटो शेजारी ठेवून 'हे दोन्ही एकच का?' असं विचारलंत, तर खरं उत्तर देता येणं अवघड. एकात चार थर आहेत, दुसऱ्यात एक.

चळत

ही अडचण फक्त डायटमवाल्यांची नव्हती. किडे, खनिजं, यंत्रांचे बारीक भाग यांचे फोटो काढणारे सगळेच तिला वैतागलेले होते. १९६४ मध्ये डॅन मॅक्लाक्लन यांनी एक युक्ती मांडली. वस्तूवर प्रकाशाचा अगदी पातळ पट्टा टाकायचा, तो पट्टा बरोबर फोकसच्या थरात ठेवायचा, आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवून वस्तू हळूहळू त्या पट्ट्यातून सरकवायची. जो भाग फोकसमध्ये तेवढाच उजेडात, बाकी अंधारात. एकाच फिल्मवर सगळे काप एकामागून एक उमटतात. किती सुंदर कल्पना! पण ती बाहेरून उजेड पाडून बघायच्या वस्तूंसाठी. काचेच्या करंड्यातून प्रकाश आरपार जातो, तिथे ती कामाची नाही.

मग संगणक आला. १९८३ मध्ये पीपर आणि कॉर्पेल यांनी वेगवेगळ्या फोकसचे फोटो संगणकाने एकत्र करण्याच्या रीती मांडल्या. कल्पना साधी आहे. एकाच वस्तूचे, चाक थोडं थोडं फिरवत, समजा चाळीस फोटो काढा. भाकऱ्यांची चळत असते तशी ही फोटोंची चळत. आता फोटोतला एकेक बिंदू घ्या आणि विचारा, हा बिंदू कोणत्या फोटोत सगळ्यात रेखीव दिसतो? म्हणजे शेजारच्या बिंदूंपेक्षा सगळ्यात ठळक वेगळा कुठे आहे? तिथला घ्या, बाकीचे सोडा. सगळ्या बिंदूंसाठी हे केलं की एक फोटो तयार होतो, ज्यात सगळंच स्पष्ट. पुढे ॲलन हॅडली यांचं मोफत 'कंबाइन-झेड', युक्रेनमधल्या खारकीवचं 'हेलिकॉन फोकस', रिक लिटलफील्ड यांचं 'झिरीन स्टॅकर' अशी सॉफ्टवेअर आली आणि हे काम घरच्या संगणकावर होऊ लागलं.

करायला बसलात तर हिशोब असा. स्पष्ट थर अर्ध्या मायक्रॉनचा आहे, म्हणून पाऊल त्याच्या निम्मं, पाव मायक्रॉनचं ठेवायचं, म्हणजे दोन कापांमध्ये काही निसटत नाही. डायटम दहा मायक्रॉन जाड असेल तर चाळीस फोटो. हाताने चाक फिरवत असाल तर एकाच दिशेने फिरवा. मागे आलात की दातेरी चाकांतली ढिलाई मध्ये येते आणि पाऊल चुकतं. दिवा आधी अर्धा तास लावून ठेवा, नाहीतर सूक्ष्मदर्शक तापत जातो आणि फोकस आपोआप सरकतो. आणि मधेच कुणी दार आपटलं, तर पहिल्यापासून सुरुवात!

इथपर्यंत ऐकून वाटेल की संपला प्रश्न. रेखाचित्राची परिपूर्णता आणि फोटोचा प्रामाणिकपणा, दोन्ही एकत्र मिळालं. मलाही तसंच वाटलं होतं.

मग एका चळतीतून मला असा गॉम्फोनेमा मिळाला, ज्याच्या रेघा मध्यावर विरळ होत्या आणि टोकाकडे दाट, काही ठिकाणी तर एकमेकींना छेदणाऱ्या. कुठल्याच पुस्तकात असा नव्हता. नवी जाती! दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी चळतीतले चाळीसही फोटो एकेक करून पाहिले, तेव्हा कळलं. कवचाचे दोन्ही भाग एकत्र राहिले होते. सॉफ्टवेअरने मध्यावर झाकणाच्या रेघा घेतल्या होत्या, आणि टोकाकडे झाकण आणि तळ दोन्हींच्या. दोन्ही तितक्याच रेखीव होत्या, मग त्या बिचाऱ्याने काय करावं? असा डायटम अलोऱ्यात नव्हता आणि जगातही कुठे नव्हता. तो फक्त माझ्या संगणकात होता.

मणी की भोकं, आठवतंय? बहुतेक स्टॅकिंगमागे एक न बोललेलं गृहीतक असतं, की प्रत्येक बिंदूला एकच खरी खोली आहे. माशीच्या डोळ्यासाठी ते बरोबर आहे. काचेच्या करंड्यासाठी नाही. तिथे उजळ ठिपका एका कापात रेखीव, काळा ठिपका दुसऱ्या कापात रेखीव. सॉफ्टवेअर अर्ध्या कवचावर उजळ घेईल, अर्ध्यावर काळे, आणि जो फोटो देईल तो छान दिसेल. रेखाचित्र काढणाऱ्यालाही हाच पेच पडायचा. फरक इतकाच, की त्याला पेच पडलाय हे कळायचं. आता निर्णय होतो तो आपल्या नकळत, आणि आपण त्याला फोटो म्हणतो. फोटो म्हटलं की कुणी शंका घेत नाही.

कोयनेचं पाणी

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डायटमच्या रेघांवरून एवढा ऊहापोह कशाला? त्यासाठी परत अलोऱ्याला जावं लागेल.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिचं पाणी निसर्गाच्या हिशोबाने बंगालच्या उपसागराचं. पण १९६२ पासून धरणाचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळीच्या वीजगृहात उतरतं. तिथून ते कोळकेवाडीच्या जलाशयात येतं, मग अलोऱ्याजवळच्या तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात पुन्हा वीज देतं आणि कालव्याने वाशिष्ठीला मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्याच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे अलोऱ्यात दोन खोऱ्यांची पाणी भेटतात. डोंगरातून आलेला पऱ्या जन्मापासून कोकणातला, आणि कालव्यातलं पाणी घाटमाथ्यावरचं.

पाण्याबरोबर डायटमही येऊ शकतात. मग माझ्या दगडावरचा गॉम्फोनेमा कोकणातला की कोयनेबरोबर उतरलेला? हे ठरवायचं तर कृष्णेच्या खोऱ्यात आधी काय होतं ते माहीत हवं. कोल्हापूरची पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते. गांधींचा कोल्हापूरचा लेख १९५८ चा, कोयनेचं पाणी पश्चिमेला वळण्याच्या चार वर्षं आधीचा. या प्रश्नासाठी तो लेख आणि त्यातली रेखाचित्रं म्हणजे जुनी साक्ष आहे. म्हणून ती साक्ष नीट वाचता येणं महत्त्वाचं.

दुसरं कारण नदीच्या तब्येतीचं. डायटमवरून पाण्याची प्रत ठरवता येते. काही जातींना स्वच्छ पाणीच लागतं, काही सांडपाण्यातही फोफावतात. जातींची नावं आणि संख्या लिहिली की त्यावरून एक निर्देशांक निघतो. पण हे निर्देशांक मुख्यतः युरोपातल्या जातींवर बेतलेले आहेत. इथल्या डायटमला 'दिसतो साधारण तसाच' म्हणून तिकडचं नाव दिलं, की नावाबरोबर त्याचा तिकडचा स्वभावही चिकटतो. तिकडे तो थंड, स्वच्छ झऱ्यात राहत असेल, तर आपलं पाणीही कागदावर स्वच्छ ठरतं. वाशिष्ठीला खाली चिपळूण आहे, पुढे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीचा टापू, आणि मग दाभोळची खाडी, जिथे माणसं मासे धरून पोट भरतात. तिथे कागदावरची स्वच्छता कामाची नाही.

म्हणूनच जुन्या कामाकडे परत वळण्याचा प्रयत्न मला महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये बी. कार्तिक आणि पॅट्रिक कोचोलेक यांनी 'फायकॉलॉजिकल रिसर्च'मध्ये गांधींनी कोल्हापुरातून नोंदवलेल्या गॉम्फोनेमांचा पुन्हा अभ्यास करून त्यांचं वर्गीकरण आणि प्रकार-नमुने यांची मांडणी केली. पुढे कार्तिक यांचं डायटमवरचं काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरू राहिलं. ही संस्था १९४६ साली मूळच्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली. सरोदे आणि कामत यांचं महाराष्ट्रातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमवरचं १९८४ चं पुस्तकही औरंगाबादहून, आपल्याच मातीतून निघालेलं. म्हणजे आपल्याकडे साक्ष आहे. ती आजच्या फोटोंशी जुळवून बघण्याचं काम बाकी आहे.

मग मी काय करते?

त्या खोट्या 'नव्या जाती'नंतर मी माझ्यापुरते चार नियम केले. तुम्ही कधी सूक्ष्मदर्शकाशी खेळणार असाल तर तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक, दोन्ही भाग जोडलेलं कवच मोजमापासाठी घ्यायचं नाही. सुटलेलं एकच झाकण शोधायचं. वेळ जातो, पण झाकण आणि तळ यांची सरमिसळ टळते.

दोन, अख्खी चळत एकत्र करायची नाही. आधी चाळीसही काप डोळ्यांनी बघायचे. वरच्या पृष्ठभागाचे काप वेगळे, आतल्या पडद्याचे वेगळे, अशा दोन छोट्या चळती लावायच्या आणि दोन फोटो शेजारीशेजारी द्यायचे. सगळं एकात बसवण्याचा हट्ट सोडला की बरेच घोटाळे मिटतात.

तीन, मूळ काप कधी पुसायचे नाहीत. कोणते काप घेतले, पाऊल किती होतं, कोणतं सॉफ्टवेअर, कोणती रीत, हे फोटोखाली लिहायचं. पन्नास वर्षांनी कुणाला माझ्या फोटोवर शंका आली, तर तिने माझ्या निर्णयावर विसंबून राहू नये. तिला चाक स्वतः फिरवून बघता आलं पाहिजे. गांधींच्या चित्राबाबत आपल्याला ती सोय नाही. त्यांचा डावा हात केव्हा थांबला आणि केव्हा फिरला, हे कागदावर उमटत नाही.

चौथा नियम माझ्या मैत्रिणींना जरा वेडेपणाचा वाटतो. प्रत्येक महत्त्वाच्या डायटमचं मी एक रेखाचित्रही काढते, कॅमेरा लुसिडा लावून, पेन्सिलीने. छापण्यासाठी नाही. काढताना प्रत्येक रेघेपाशी थांबावं लागतं आणि 'ही वरची की खालची?' हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. ज्या रेघेचं उत्तर मला देता येत नाही, ती मी फोटोतही खरी धरत नाही. मग परत चळतीत जाऊन बघते.

अलोऱ्याच्या पहिल्या बाटलीतल्या एका गॉम्फोनेमाचं असं चित्र माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे. त्याच्या शेजारी दोन फोटो, वरच्या थराचा आणि आतल्या थराचा. चित्रात मधल्या ठिपक्याभोवती मी पेन्सिलीने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते अजून तिथेच आहे. पुढच्या पावसाळ्यानंतर पऱ्यातला आणि कालव्यातला, दोन्हीकडचे दगड घासून आणले, की त्याच्याकडे परत बघायचं आहे.